उन्हात तोच, दिव्याखाली वेगळा : भिंतीवरच्या एका रंगाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका संस्थेच्या सभागृहातल्या भिंतीचे आहे. माणसे, संस्था आणि कंपनी ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. वादाचा गाभा आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

सभागृहाच्या दोन्ही बाजूंना आवाज शोषून घेणाऱ्या ६४ चौकोनी फळ्या होत्या, मखमली कापडाने मढवलेल्या. रंग राखाडीकडे झुकणारा हिरवा, वाळलेल्या शेवाळासारखा. छतातून पाणी झिरपले आणि त्यांतल्या १८ फळ्या डागाळल्या. त्या बदलायच्या ठरल्या. मूळ कापड आता बनत नव्हते, म्हणून एका पुरवठादाराकडून नवे कापड त्याच रंगात रंगवून घ्यायचे होते. करारात रंगाबद्दल एकच ओळ होती : "नव्या फळ्यांचा रंग मूळ फळ्यांच्या रंगासारखाच असावा."

ती ओळ लिहिताना समितीतल्या कोणालाच काही खटकले नाही, मलाही नाही. मी तत्त्वज्ञान शिकवते. वस्तूंचे दिसणारे गुण आणि प्रत्यक्ष वस्तू यांचा संबंध काय, या प्रश्नावर मी वर्षानुवर्षे तास घेतले आहेत. पण सही करताना रंग हा फळीचा गुण आहे, उंची-रुंदीसारखाच, असे धरून मी सही केली. वर्गाबाहेर आपण सगळेच असे वागतो.

अडचण

नव्या फळ्या सकाळी अकराच्या सुमारास बसल्या. उंच खिडक्यांतून भरपूर उजेड येत होता. व्यवस्थापकांनी जुन्या फळीशेजारी नवी फळी पाहिली, दोन पावले मागे जाऊन पाहिली, आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली. रंग हुबेहूब जुळला होता. याबाबत त्यांच्यावर नंतर बरीच टीका झाली, पण त्यांनी पाहण्यात काही चूक केली नव्हती.

संध्याकाळी कार्यक्रमासाठी दिवे लागले आणि अठराच्या अठरा फळ्या उठून दिसू लागल्या. जुन्या फळ्या हिरवट राखाडीच होत्या, नव्या मात्र तांबूस झाल्या होत्या. भिंतीला पुरळ उठल्यासारखे दिसत होते.

पुरवठादारांनी प्रयोगशाळेचा अहवाल पाठवला. दोन रंगांमधला फरक मोजायचा जो आकडा असतो, 'डेल्टा ई', तो १ च्या आत होता. एवढा फरक डोळ्याला सहसा जाणवत नाही. त्यांच्या रंगविभागाच्या प्रमुख बाई बैठकीला आल्या होत्या. त्यांचे म्हणणे सरळ होते : "रंग तोच आहे. तुमचे दिवे तो चुकीचा दाखवतात."

व्यवस्थापकांचे उत्तर तितकेच सरळ होते : "सभागृह संध्याकाळीच वापरतात. संध्याकाळी जो दिसतो तोच आमचा रंग."

कोषाध्यक्ष अर्धवट गमतीने म्हणाले, "रंग कापडात नसतोच मुळी, तो आपल्या डोक्यात असतो. विज्ञान तसंच सांगतं. मग पुरवठादाराला जबाबदार कसं धरायचं?"

दहा मिनिटांच्या आत आकलनाच्या तत्त्वज्ञानातल्या तीन प्रमुख भूमिका टेबलावर आल्या होत्या. गंमत अशी, की ज्याने त्याने आपल्या सोयीची भूमिका उचलली होती आणि ती भूमिका आहे याची कुणालाच कल्पना नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मी सुचवला आणि तो चुकीचा होता. त्यात आमचे दोन आठवडे गेले, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० च्या आपल्या ग्रंथात गुणांची विभागणी मांडली. आकार, आकारमान, गती, संख्या हे प्राथमिक गुण. ते वस्तूत आहेत आणि आपल्याला दिसतात तसेच आहेत. रंग, चव, वास, उष्णता हे दुय्यम गुण. वस्तूत असते ती फक्त आपल्या मनात तशी संवेदना उठवण्याची शक्ती. त्याचा दाखला आजही चोख वाटतो : एक हात आधी गरम, दुसरा आधी गार करून दोन्ही एकाच पाण्यात घातले, तर तेच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम लागते. पाणी एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही.

यावरून पुढे एक सोयीची व्याख्या तयार झाली : सर्वसामान्य परिस्थितीत, सर्वसामान्य माणसाला हिरवी दिसण्याची क्षमता असणे म्हणजे वस्तू हिरवी असणे. मी समितीला म्हटले, सर्वसामान्य परिस्थिती म्हणजे दिवसाचा उजेड. उन्हात रंग जुळतो आहे, म्हणजे रंग तोच. पुरवठादारांचे म्हणणे बरोबर आहे, आपण दिवे बदलू.

सभागृहाचे दिवे सांभाळणारा तंत्रज्ञ कोपऱ्यात उभा होता. त्याला कुणी मत विचारले नव्हते. तो म्हणाला, "बाई, ही दोन कापडं वेगळी आहेत ना? वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या रसायनांनी रंगवलेली. उन्हात ती एकसारखी दिसतात आणि दिव्याखाली वेगळी. मग फसवतंय कोण, ऊन की दिवा?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. दिवसाचा उजेड खरे दाखवतो आणि दिवा खोटे, हे मी न तपासताच गृहीत धरले होते. इथे उलटच घडत होते. दोन पृष्ठभागांत खराखुरा भौतिक फरक होता. दिव्याने तो उघड केला आणि उन्हाने झाकला. 'सर्वसामान्य परिस्थिती' हे शब्द व्याख्येत निरुपद्रवी दिसतात, पण आमच्या प्रकरणात सगळा वाद त्या दोन शब्दांतच होता. संध्याकाळी भरणाऱ्या सभागृहाची सर्वसामान्य परिस्थिती कोणती?

दुसरा पर्याय, यंत्राचा आकडा. रंगविभागाच्या प्रमुखांचा भर यावर होता : माणसांची मते बदलतात, आकडा बदलत नाही. समितीतल्या बहुतेकांना हे पटले, कारण आकडा वस्तूतला असतो असे वाटते. हा आकडा कसा निघतो ते आम्ही त्यांनाच समजावून सांगायला सांगितले. त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितले, आणि आपल्याच बाजूचा पाया हलवला.

स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचे यंत्र कापडावर प्रकाश टाकते आणि प्रत्येक तरंगलांबीचा किती टक्के प्रकाश परत येतो ते मोजते. ४०० ते ७०० नॅनोमीटर, दर १० नॅनोमीटरला एक नोंद, म्हणजे ३१ आकडे. इथवर जे आहे ते कापडाचे आहे. समोर डोळा असो-नसो, ते आकडे तेच राहतात. पण डेल्टा ई या ३१ आकड्यांमधून थेट मिळत नाही. प्रत्येक आकड्याला आधी एका ठरावीक प्रकाशाच्या वर्णपटाने गुणतात, मग एका 'प्रमाण-निरीक्षका'च्या डोळ्याच्या संवेदनशीलतेने, आणि बेरीज करून ३१ चे ३ आकडे करतात. अहवालातला प्रकाश होता डी ६५, म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा प्रमाणित दिवसाचा उजेड. आणि निरीक्षक होता १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ठरवलेला. हा प्रमाण-निरीक्षक राइट आणि गिल्ड या दोघांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांवरून आला. राइटच्या प्रयोगात १० माणसे होती, गिल्डच्या ७.

म्हणजे 'वस्तुनिष्ठ' आकड्यात सतरा माणसांचे डोळे आणि एक निवडलेला उजेड आधीच भरलेले होते. आकडा खोटा नव्हता. पण तो कापडाचा गुण सांगत नव्हता. कापड, उजेड आणि डोळा या तिघांचे मिळून काय होते, ते सांगत होता. व्यवस्थापक एवढेच म्हणाले, "मग आमचा उजेड घालून गुणा की."

३१ चे ३ होतात, यातच सगळे आले. डोळ्यात शंकुपेशींचे, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशींचे, तीनच प्रकार असतात. साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपास त्यांची संवेदनशीलता सर्वाधिक असते. मेंदूला मिळतात ते या तिघांचे प्रतिसाद, अख्खा वर्णपट नव्हे. त्यामुळे अगदी वेगळी परावर्तने असलेले दोन पृष्ठभाग एका उजेडात तेच तीन प्रतिसाद देऊ शकतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे. रंगाच्या धंद्यात याला मेटॅमेरिझम म्हणतात. कापड, गाड्यांचे रंग, नकली दात यांचे काम करणाऱ्यांना ही रोजची डोकेदुखी आहे. तत्त्वज्ञानात मात्र यावरून रान पेटलेले आहे. रंग म्हणजेच पृष्ठभागाचे परावर्तन असे म्हटले, तर आमच्या दोन फळ्या भर उन्हातही वेगळ्या रंगांच्या होत्या, फक्त तो फरक पाहू शकणारे कुणी नव्हते. अॅलेक्स बर्न आणि डेव्हिड हिल्बर्ट हे दोघे तत्त्वज्ञ रंगांना परावर्तनांचे प्रकार किंवा गट मानून यातून वाट काढतात : एका गटात अनेक परावर्तने बसतात, आणि तो गट म्हणजे रंग. ठीक आहे. पण गटांच्या सीमा कोणत्या उजेडाने आखायच्या, हा प्रश्न मागच्या दाराने परत येतोच.

तिसरा पर्याय कोषाध्यक्षांचा : वस्तूला रंग नाहीच. याला मोठी परंपरा आहे. गोडवा, कडवटपणा, रंग ही नुसती रूढी, खरे फक्त अणू आणि पोकळी, असे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटस म्हणाला होता. गॅलिलिओने १६२३ मध्ये लिहिले की पाहणारा-चाखणारा जीव काढून घेतला तर चव, वास, रंग उरणारच नाहीत. न्यूटननेही १७०४ च्या ग्रंथात बजावले की नीट बोलायचे तर किरणांना रंग नसतो. १९१२ मध्ये तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने साध्या टेबलाचे उदाहरण घेऊन म्हटले की वेगवेगळ्या जागांवरून वेगवेगळे रंग दिसतात, त्यांतल्या एकाचीच बाजू घेणे हा पक्षपात, म्हणून टेबलाला स्वतःचा असा एक रंग आहे असे म्हणता येत नाही.

हा पर्याय आम्ही सर्वांत लवकर सोडला. तो खोटा ठरला म्हणून नव्हे, तर त्यातून काहीच निघत नव्हते म्हणून. रंग डोक्यात असला तरी एकाच डोक्यात एकाच वेळी जुनी फळी हिरवी आणि नवी तांबूस दिसत होती. डोके तेच, दिवा तोच. मग फरक कुठून आला? कापडातूनच. रंग 'आत' ढकलला तरी रंगांमधल्या फरकाचे कारण बाहेरच राहते. करारात आम्हाला हवा होता तो सारखेपणा. रंग म्हणजे नेमके काय, हे करारापुरते ठरवायची गरज नव्हती.

आमच्याकडची एक जुनी मांडणी मी याच टप्प्यावर काढली, आणि तिने अनपेक्षित मदत केली. न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या मते रूप, म्हणजे रंग, हा द्रव्यात समवायाने, म्हणजे वेगळा न काढता येणाऱ्या संबंधाने, राहणारा गुण आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात त्याची व्याख्या आहे : जो केवळ डोळ्यांनीच कळतो तो गुण म्हणजे रूप, आणि त्याचे सात प्रकार, शेवटचा 'चित्र', म्हणजे अनेकरंगी. प्रकाश हा रूपाचा जनक नाही, तो प्रत्यक्षाला, म्हणजे इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाला, लागणारा सहकारी, म्हणजे मदत करणारे कारण, आहे. लॉक म्हणतो, उजेड अडवला की दगडाचे रंग नाहीसे होतात. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारा, म्हणेल, रंग जागेवरच आहे, फक्त दिसत नाही. घड्याचा रंग बदलतो तो भट्टीतल्या पाकाने, म्हणजे भाजण्याने. दिवा विझवून बदलत नाही.

व्यवस्थापक आणि प्रमुख बाई दोघेही, एकमेकांशी भांडताना, नैयायिकच होते. दोघांनाही फळीत एकच रंग वसलेला हवा होता. तो कोणता, एवढ्यावरच मतभेद. आणि इथेच ती मांडणी अडते. कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसतो, तेव्हा नैयायिक दोष पित्तावर टाकतो आणि शंख पांढराच राहतो. आमच्या सभागृहात दोष कुणावर टाकायचा? डोळे निरोगी, दिवा निर्दोष, ऊन निर्दोष. सहकारी कारण बदलले एवढेच. दोष नसताना दोन वेगळी प्रत्यक्षे मिळाली, तर द्रव्यातल्या एका रूपाचे काय करायचे, यावर माझ्याजवळ शास्त्रशुद्ध उत्तर नाही. एका सहकाऱ्यांनी सुचवले की प्रत्येक उजेडाने वेगवेगळे रूप व्यक्त होते असे मानावे. पण मग एका फळीत किती रूपे मानायची?

शेवटचा पर्याय, जो आम्ही निवडला : रंग हा फळीचा एकटीचा गुण नाही, तो संबंध आहे. 'उंच' म्हणताना कोणापेक्षा हे जसे अध्याहृत असते, तसेच 'हिरवा' म्हणताना कोणत्या उजेडात आणि कोणाला हे अध्याहृत असते. मग जुनी फळी आणि नवी फळी दिवसाच्या उजेडात एका रंगाच्या आहेत आणि सभागृहाच्या दिव्यांत वेगळ्या रंगांच्या आहेत, ही दोन्ही विधाने खरी ठरतात. दोन्ही पक्षांना खोटे न पाडणारी ही एकच वाट होती, आणि खरे सांगायचे तर समितीने ती त्यामुळेच स्वीकारली. मला स्वतःला ती पूर्ण पटत नाही. भिंतीकडे पाहताना मला संबंध दिसत नाही, भिंत हिरवी दिसते. या साध्या अनुभवाला ही भूमिका फार सहज बाजूला सारते. पण समितीला निर्णय घ्यायचा होता, प्रबंध लिहायचा नव्हता.

केलेली कृती

सर्वांत आधी आम्ही 'कोणता रंग दिसतो' हा प्रश्नच बंद केला. बैठकीत कुणी तांबूस म्हणे, कुणी तपकिरी, कुणी 'मेलेला हिरवा'. माझा हिरवा आणि तुमचा हिरवा आतून एकच आहेत का, हे ताडून पाहायला काही मार्ग नाही. पण 'सारखे की वेगळे' याची उत्तरे ताडून पाहता येतात. म्हणून प्रश्न तेवढाच ठेवला.

दोन जुन्या आणि दोन नव्या फळ्या काढल्या, मागे फक्त खुणेची अक्षरे लिहिली, आणि सगळ्या एका करड्या पडद्यापुढे मांडल्या. करडा पडदा मुद्दाम. शेजारचा रंग बदलला की मधला रंगही बदललेला भासतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलने १८३९ मध्येच सविस्तर मांडले होते. १८२४ पासून तो पॅरिसमधल्या गोबेलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा काळा दिसत नाही अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले तर रंगाईत खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे काळा फिका वाटत होता. आमच्याकडेही एक जुनी फळी विनाकारण गुन्हेगार ठरली होती. चारी बाजूंनी नव्या तांबूस फळ्या असल्याने ती नको इतकी हिरवी दिसे, आणि दोन सदस्यांनी तीच बदलायची मागणी केली होती.

नऊ जणांनी जोड्या पाहिल्या, तीन उजेडांत : खिडकीचा उजेड, सभागृहातले तंतूचे दिवे (तापलेल्या तारेचे बल्ब) आणि बाहेरच्या मार्गिकेतले नळीचे दिवे (ट्यूबलाइट). खिडकीपाशी नवी-जुनी जोडी आठ जणांना सारखी वाटली. तंतूच्या दिव्याखाली नऊच्या नऊ जणांना वेगळी. नळीच्या दिव्याखाली मते फुटली.

मग आम्ही अहवालातला एक आकडा नको, ३१ आकड्यांचा पूर्ण आलेख द्या, असे मागितले. पुरवठादारांनी जरा आढेवेढे घेतले. रंगाचे मिश्रण त्यावरून ताडता येते, ही त्यांची भीती चुकीची नव्हती. आलेख फक्त प्रमुख बाईंनी समितीसमोर दाखवावा आणि परत न्यावा, असे ठरले. दोन रेषा पाहिल्या आणि सगळे गप्प झाले. रेषा जागोजागी एकमेकींना छेदत होत्या, आणि ६५० नॅनोमीटरच्या पुढे जुनी रेषा सपाट राहत होती तर नवी वर चढत होती. तंतूच्या दिव्यात तांबड्या टोकाचा प्रकाश भरपूर असतो. या दिव्यासाठी ठरवलेला प्रमाण-प्रकाश २८५६ केल्विनचा आहे. नव्या कापडाची वर चढणारी शेपटी उन्हात जवळजवळ निरुपद्रवी होती, पण दिव्याला नेमकी तीच सापडत होती. त्या प्रकाशात डेल्टा ई पुन्हा काढला, तर तो १ च्या कितीतरी वर गेला. यंत्र तेच, कापड तेच.

इथे आणखी एक गाठ सुटली, तीही योगायोगाने. चार नव्या फळ्या दाराकडून पाहिल्यास उन्हातही गडद दिसत. त्यांचे कारण आम्ही आधी याच प्रकरणात धरले होते. सफाई करणाऱ्या बाईंनी फडका फिरवताना सांगितले की या चार फळ्यांची लव उलटी आहे, हात वरून खाली जाताना अडतो. मखमलीची लव ज्या बाजूला झुकते त्यानुसार ती प्रकाश कमी-अधिक परत पाठवते. फळ्या उलट्या बसल्या होत्या. रंगाचा म्हणून जो दोष आम्ही मोजत होतो, तो धाग्यांच्या झुकण्याचा होता, म्हणजे लॉकच्या भाषेत शुद्ध प्राथमिक गुणाचा. स्क्रू काढून फळ्या फिरवल्या आणि तो भाग तिथेच मिटला. आणि तो कळला हाताला, डोळ्याला नव्हे.

दिवे बदलण्याचा पर्याय मीच आणला होता, तो आम्ही मागे घेतला. तंत्रज्ञाने एक संध्याकाळ थंड पांढरे दिवे लावून दाखवले. फळ्या जुळल्या. पण माणसांचे चेहरे, पडदा, मंचाचे लाकूड सगळेच बदलले, आणि आमच्या भिंतीसाठी सगळ्यांचे चेहरे बदलावेत असे कुणालाही वाटले नाही.

निष्पत्ती

पुरवठादारांनी रंगांचे मिश्रण बदलून कापड पुन्हा रंगवले. या वेळी तीन प्रकाशांसाठी तीन मर्यादा ठरल्या होत्या. पहिला नमुना तंतूच्या दिव्यात जुळला पण उन्हात थोडा निळसर झाला. दुसरा तिन्हीकडे मर्यादेत बसला. तीनही ठिकाणी शून्य फरक हवा असेल तर मूळ रंगद्रव्येच लागतील, असे प्रमुख बाईंनी स्पष्ट सांगितले, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. परावर्तन-रेषाच एक झाली तर कोणत्याही उजेडात, कोणत्याही डोळ्याला फरक दिसणार नाही. त्याखेरीज सगळी तडजोड. पुन्हा रंगवण्याचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलला. ओळ मोघम होती हे संस्थेने मान्य केले, आणि एकाच प्रकाशाचा अहवाल देणे अपुरे होते हे पुरवठादारांनी.

मात्र सगळे सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. समितीतले सर्वांत वयस्कर सदस्य, तेच पहिल्या चाचणीत खिडकीपाशी 'वेगळे' म्हणणारे एकटे, त्यांना नव्या फळ्या अजूनही वेगळ्या दिसत. रंगांधळेपणाची तपासणी त्यांनी स्वतःहून करून घेतली. त्यात काही निघाले नाही. पण वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळ्या बाजूचा प्रकाश गाळते. दोन मेटॅमर, म्हणजे असे वेगळ्या परावर्तनाचे पण सारखे दिसणारे पृष्ठभाग, एका डोळ्याला सारखे आणि दुसऱ्या निरोगी डोळ्याला वेगळे दिसू शकतात. त्यांना 'तुमचे चुकते' म्हणायला आमच्याकडे काही आधार नव्हता. १९३१ चा निरीक्षक त्यांच्यापेक्षा अधिक खरा माणूस नाही, तो फक्त अधिक लोकांच्या जवळचा आहे. निर्णय आठ विरुद्ध एक असा झाला. त्यांनी आपला फरक कार्यवृत्तात लिहून घ्यायला लावला : "मला वेगळे दिसते, आणि ते मला दिसते हे खरे आहे."

वेगळे काय करता आले असते

कराराची ओळ. "रंग सारखाच असावा" याऐवजी कोणत्या प्रकाशांत, किती फरकापर्यंत, कोणत्या निरीक्षकाच्या हिशेबाने आणि लव कोणत्या दिशेला ठेवून, एवढे लिहिले असते तर बहुतेक वाद उद्भवलाच नसता. १९३१ चा निरीक्षक दोन अंशांच्या दृष्टिक्षेत्रासाठी आहे, म्हणजे हात लांब करून पाहिलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेसाठी. भिंत त्याहून कितीतरी मोठी दिसते. त्यासाठी १९६४ मध्ये ठरवलेला दहा अंशांचा निरीक्षक अधिक योग्य ठरला असता. हे आम्हाला कुणी सांगितले नाही, आणि आम्ही विचारलेही नाही.

स्वीकृतीची सही वापराच्या वेळी व्हायला हवी होती. संध्याकाळी दिवे लावून पाच मिनिटे पाहिले असते तरी पुरे होते.

माझ्या बाजूची चूक वेगळ्या जातीची होती. 'सर्वसामान्य परिस्थिती' हे शब्द मी वर्गात इतक्यांदा उच्चारले आहेत की ते कुणीतरी निवडावे लागतात हे मला दिसेनासे झाले होते. ज्या माणसाचे रोजचे काम दिवे लावण्याचे होते, त्याला ते लगेच दिसले. त्याला पहिल्या बैठकीत खुर्ची द्यायला हवी होती.

एका निर्णयाबद्दल मात्र मी अजून साशंक आहे. 'कोणता रंग दिसतो' हा प्रश्न बंद करून आम्ही 'सारखे की वेगळे' एवढेच विचारले, आणि त्यामुळे काम झाले. पण त्यामुळे नवी फळी मुळात सुंदर दिसते का, जुनीपेक्षा बरी दिसते का, हे कुणी बोललेच नाही. दोन जणांनी नंतर मला खाजगीत सांगितले की दिव्याखालचा तो तांबूस रंग त्यांना आवडला होता.

नाकारलेल्या अठरा फळ्या टाकून दिल्या नाहीत. मागच्या खोलीत मोठी खिडकी आहे. तिथे त्या उरलेल्या चार जुन्या फळ्यांबरोबर बसवल्या आहेत, आणि दिवसा कोणती कुठली ते व्यवस्थापकांनाही ओळखता येत नाही. त्या खोलीत अजून दिवा बसवलेला नाही. कोणता बसवायचा, हा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे.